दोरी कधी सोडायची

घोडी फेरण्याचं काम करणाऱ्याला गुरू पागेतच भेटतात असं नाही. माझे एक गुरू कॅलिफोर्नियात, सलिनसजवळच्या रँचवर गुरं सांभाळत होते. बिल डोरन्स त्यांचं नाव. १९९९ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी ते गेले. आमची भेट कधीच झाली नाही. त्यांची ओळख झाली ती पुस्तकातून, आणि पुढे रोज हातातल्या दोरीतून.

ऑरेगनच्या वॉलोवा भागात १९०६ मध्ये त्यांचा जन्म झाला. धाकटा भाऊ टॉमही घोड्यांत मुरलेला. टॉमकडून शिकलेल्या रे हंट यांनी ही विद्या गावोगाव नेली, आणि १९९८ च्या ‘द हॉर्स व्हिस्परर’ या चित्रपटामागेही याच परंपरेतली माणसं होती. चित्रपट मला आवडतो. पण तेव्हापासून लोकांना वाटू लागलं की घोड्याच्या कानात काहीतरी मंत्र सांगितला की काम होतं. हा त्या माणसांवर अन्याय आहे. रँचवरच्या घोड्याला दिवसभर राबायचं असतं, फाटकाशी मुकाट उभं राहायचं असतं, दोरीच्या टोकाला खोंड झटे देत असताना पाय रोवायचे असतात. तिथे मंत्र चालत नाही.

चालतं ते असं. शिंगरू समोर उभं आहे, मोहरकीला दोरी आहे आणि मला त्याचा पुढचा उजवा पाय मागे घ्यायचा आहे. मी दोरीतला झोळ तेवढा काढतो, ओढत नाही. थांबतो. ज्या पायावर वजन आहे तो पाय घोड्याला उचलताच येत नाही, म्हणून आधी खांदा हलतो, अंग मागे आणि डावीकडे झुकतं. पाय अजून जमिनीवरच असतो, आणि नेमकं तेव्हाच दोरी सैल सोडायची. घोडा शिकतो तो या सैल सोडण्यातून, ताणातून नाही. क्षणभर उशीर झाला, की ते शिंगरू दोरीवर रेलायला शिकतं, आणि ती सवय मोडायला मग महिने जातात.

डोरन्स यांना ही वेळ इतकी अचूक कशी साधली असेल? मला वाटतं, त्याचं उत्तर त्यांच्या रियाटात आहे. रियाटा म्हणजे कच्च्या चामड्याची वेणलेली लांब दोरी. कातडं गोल गोल कापत एकसलग वादी काढायची, केस खरवडायचे, सगळ्या वाद्या एकसारख्या जाडीच्या करायच्या आणि ओलसर असतानाच वेणायच्या. एखादी वादी जाड-बारीक राहिली तर दोरी तिथेच दगा देते. डोरन्स ती स्वतः वेणत. ही दोरी हिसका सोसत नाही, तुटते. म्हणून जनावर अडकलं की तिचे वेढे खोगिराच्या खुंटाला घालायचे आणि ताण वाढेल तशी ती जपून सरकू द्यायची. अशी दोरी स्वतः वेणून वापरणाऱ्याला कुठे धरायचं आणि कुठे द्यायचं हे मुद्दाम शिकवावं लागत नसेल. तोच हात पुढे लगामावर येतो.

कॅलिफोर्नियाच्या जुन्या वाकेरो, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणाऱ्यांच्या, रीतीत घाई नसे. आधी तोंडात लोखंड न घालता फक्त नाकावरची वेणलेली पट्टी, मग काही काळ ती पट्टी आणि तोंडातलं कडियाळं एकत्र, आणि अखेर नुसतं कडियाळं. यात वर्षं जात. शेवटी तयार झालेला घोडा नुसत्या लगामाच्या वजनावर वळे. आज मला घोडा ‘महिन्याभरात तयार करून द्या’ म्हणणारे मालक भेटतात, तेव्हा मी त्यांना हेच सांगतो, आणि त्यातले काही घोडा परत घेऊन जातात. जाऊ देत.

नव्वदी ओलांडल्यावरही डोरन्स घोड्यावर बसत होते. त्यांच्याजवळ बसून लेस्ली डेस्मंड यांनी त्यांचं सांगणं लिहून काढलं आणि ते गेले त्याच वर्षी ते पुस्तक आलं. आमच्याकडचे जुने चाबुकस्वार असेच जाणते होते, पण त्यांचं फार थोडं कागदावर आलं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथे अजून अशी माणसं भेटतात. मी आता वही घेऊन जातो. बुजऱ्या घोड्याला पहिली मोहरकी कशी चढवता, कोणत्या बाजूने, हात आधी कुठे ठेवता, हे विचारतो आणि ते सांगतील तसंच, त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतो.