समेवर पाय

सांगलीच्या गावभागातील एका जुन्या घराच्या माडीवर दर शनिवारी सायंकाळी दोघांची बैठक भरत असे. गिटार आप्पांची, तबला तात्यांचा. ओळख महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातली. त्या काळी तात्या बोंगोही वाजवीत. पुढे आप्पा बँकेत लागले आणि बदल्यांच्या मागे जिल्हेच्या जिल्हे फिरले. तात्यांनी गाव सोडले नाही. वडिलांची हळदीची अडत त्यांनी चालवली. आप्पा निवृत्त होऊन परतले त्याच आठवड्यात शनिवारची बैठक सुरू झाली. श्रोता असा कोणी नसे. आप्पांनी कॉर्ड धरून गुणगुणावे, मधल्या जागा तारांवर वाजवाव्यात, तात्यांनी ठेका धरावा, आणि वहिनींनी चहा ठेवून जावे, इतकाच तो सोहळा.

दोन वर्षांपूर्वी तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. काही महिन्यांत वाचा बरीच सुधारली, काठीच्या आधाराने चालणेही जमू लागले. पण उजव्या हाताची बोटे परत आली नाहीत. तबला हा उजव्या हाताचा. डग्गा डाव्या हाताने घुमत असला तरी तेवढ्याने ठेका होत नाही. वहिनींनी जोडी खोळीत घालून कपाटावर ठेवली. आप्पांचे शनिवारचे जाणे चुकले नाही, मात्र ते आता रिकाम्या हाताने जात. बोलणे औषधांवरून ठेवींच्या व्याजदरावर येई आणि तिथेच संपे.

घरी गिटार उचलली तरी पाच मिनिटांत ती खाली ठेवली जाई. आयुष्यभर ज्याने सोबतीने वाजवले, त्याला एकट्याने वाजवणे म्हणजे अर्धेच वाक्य बोलण्यासारखे वाटते. पुण्याला शिकणाऱ्या नातवाने हे सुट्टीत पाहिले आणि म्हणाला, “आप्पा, तुम्ही लूपर का घेत नाही? ड्रम आतच असलेला मिळतो.” हा नातू मार्च २०२४ मध्ये मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर एड शीरन या इंग्रज गायकाचा कार्यक्रम ऐकून आला होता. रंगमंचावर एकटा माणूस, हाती गिटार आणि पायाशी लूपर. एक तुकडा वाजवायचा, तो फिरत ठेवायचा आणि त्यावर पुढचा चढवायचा.

लूपर हे पायाने चालवायचे छोटे यंत्र आहे. एकदा दाबले की ध्वनिमुद्रण सुरू होते. दुसऱ्यांदा दाबले की तेथपर्यंतचा तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजू लागतो आणि थांबवेपर्यंत फिरत राहतो. त्यावर आणखी एक थर वाजवता येतो, नको असल्यास पुसता येतो. कल्पना नवी नाही. लेस पॉल या अमेरिकन गिटारवादकाने १९५१ साली पत्नी मेरी फोर्ड यांच्यासह केलेल्या ‘हाउ हाय द मून’ या ध्वनिमुद्रणात एकाच गिटारचे आणि एकाच गळ्याचे अनेक थर एकमेकांवर रचले होते. १९७३ च्या सुमारास रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन इनो यांनी दोन टेपरेकॉर्डरमधून एकच फीत फिरवून हाच परिणाम साधला. आपल्याकडे तर स्वतंत्र तबलावादनाला हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लहरा धरतात. एका आवर्तनाची तीच धून अखंड फिरत राहते आणि तबलजी तिच्या आधाराने आपले काम करतो. तो लूपच होय, फक्त माणसाने चालवलेला.

आप्पांनी खरेदीचे प्रकरण बँकेच्या शिस्तीने हाती घेतले. तीन कोटेशनांशिवाय खुर्चीसुद्धा न घेण्याची सवय. वहीत रकाने आखले: ताल किती, मुद्रणाची मुदत किती, जागा किती, वीज कशावर.

त्यापूर्वी एक प्रयोग करून पाहणे त्यांना काटकसरीचे वाटले. फोनवर तबल्याचे ॲप होतेच. मग ड्रम नसलेला साधा लूपर का चालू नये? ओळखीच्या एका मुलाकडून तसा लूपर आठ दिवसांसाठी आणला. फोनवर केरवा लावला, चार आवर्तने कॉर्ड वाजवून पेडल दाबले. पहिली फेरी ठीक गेली. तिसऱ्या फेरीपासून गिटार आणि तबला यांच्यात फट दिसू लागली, दहाव्या फेरीला दोन्ही दोन गावांना निघाले. कारण शोधायला आप्पांना वेळ लागला नाही. पेडल दाबताना एक विसांश सेकंदाचा उशीर झाला असेल तर लूप तेवढाच लांब होतो आणि प्रत्येक फेरीत तेवढीच थकबाकी वाढते. दहा फेऱ्यांत अर्धा सेकंद. चक्रवाढ नव्हे, सरळव्याजच; पण संगीतात अर्धा सेकंद ही दिवाळखोरी आहे. दोन यंत्रांची दोन घड्याळे असली की हे व्हायचेच. ड्रम लूपरच्या आतच असण्याचे खरे महत्त्व आवाजांच्या संख्येत नाही, ते या एका घड्याळात आहे. ताल चालू ठेवला असता अशी बहुतेक यंत्रे पाऊल किंचित चुकले तरी लूपची लांबी पूर्ण मात्रांच्या मापात बसवून घेतात.

हे ध्यानात आल्यावर निवड सोपी व्हायला हवी होती. तशी ती झाली नाही. झूम कंपनीचे ‘जी-वन फोर’ हे अनेक परिणाम देणारे यंत्र स्वस्त, त्यात ६८ ताल आणि लूपरही. परंतु लूप ३० सेकंदांचा. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत चार मात्रांचा एक मोजा तीन सेकंद घेतो, म्हणजे दहा मोजे झाले की जागा संपली. सोळा मोज्यांचा मुखडा-अंतरा त्यात मावत नाही. तुकड्यांच्या सरावाला ते पुरेसे आहे, पूर्ण गाण्याला नाही. डिजिटेक कंपनीचे ‘ट्रायो प्लस’ आणखी चतुर: आपण वाजवलेले कॉर्ड ऐकून ते स्वतःच बास आणि ड्रम रचते. नातवाला ते फार आवडले. आप्पांनी त्याची फीत दोनदा ऐकली आणि वहीत त्यापुढे काट मारली. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “ते माझ्या मागे येते. मला कोणाच्या तरी मागे जायचे आहे.” या वाक्याचा पुरता अर्थ त्या दिवशी त्यांनाही कळला नव्हता.

अखेर स्पर्धा बॉस कंपनीच्या दोन पेडलांत राहिली. ‘आर सी-टेन आर’ मध्ये २८० हून अधिक ताल, दोन स्वतंत्र मार्गिका, गाण्याच्या भागानुसार ठेका बदलण्याची आणि शेवट करण्याची सोय. ‘आर सी-फाइव्ह’ लहान. त्यात ५७ ताल, सात प्रकारचे ड्रमसंच, तेरा तासांपर्यंत मुद्रण आणि लूप साठवण्यासाठी ९९ जागा. आप्पांनी ५७ ची बाजू घेतली. त्यांचा हिशेब असा की जुनी चित्रपटगीते बहुतांशी केरव्यात किंवा दादऱ्यात आहेत. केरव्याला चार-चारचा आणि दादऱ्याला सहा-आठचा साधा ठेका चालतो. २८० तालांतून निवड करण्यात जो वेळ जाईल तो वाजवण्यात जावा. विकत घेणाऱ्याने यादीच्या लांबीला भुलू नये, हे त्यांचे मत कर्जाच्या अर्जांवरून बनले होते, पण येथेही लागू पडले.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टींनी मात्र त्रास दिला. बॅटरीवर असे यंत्र काही तासच चालते, म्हणून नऊ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर हवा, आणि त्याच्या पिनेचे मध्यटोक ऋण असावे लागते. घरातील जुना अ‍ॅडाप्टर नेमका उलटा निघाला. लावण्यापूर्वी त्यावरील खूण वाचली म्हणून यंत्र वाचले. दुसरे असे की गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून ड्रम घोंगडीत गुंडाळल्यासारखे ऐकू आले. तो अ‍ॅम्प्लिफायर गिटारच्या मधल्या पट्टीसाठी बनवलेला असतो, झांजेचा वरचा आवाज त्यातून निघत नाही. हेडफोन लावताच ते खुले झाले.

आणि मग खरी अडचण समोर आली. ड्रम सुरू करून आप्पांनी आठ मोजे वाजवले, पेडल दाबले, लूप फिरू लागला. पहिले चार मोजे चोख. पाचव्यापासून गिटारचा आघात ड्रमच्या किंचित आधी पडत होता. लूपची लांबी यंत्राने बरोबर बसवली होती. आतले धावणे मात्र जसेच्या तसे ठेवले होते आणि दर फेरीला ते पुन्हा ऐकवत होते. आप्पांना यंत्रात दोष वाटला. त्यांनी लय मिनिटाला ६० वर लावून मनगटी घड्याळाच्या सेकंदकाट्याशी पडताळली. यंत्र बरोबर होते. दुसरे गाणे घेतले, तिसरे घेतले. मुखडा ठीक, अंतरा आला, स्वर वर चढला की हात पळे. प्रत्येक वेळी, त्याच ठिकाणी.

इतकी वर्षे ते याच हाताने वाजवत आले होते आणि शनिवारच्या बैठकीत ठेका कधी सुटला नव्हता. तो का सुटला नाही, हे आप्पांना त्या रात्री उमगले. चढत्या लयीबरोबर कोणीतरी चढत होते आणि मुखड्यावर परतताना हळूच ओढून जागेवर आणत होते.

पुढचे तीन शनिवार त्यांनी तात्यांना काही सांगितले नाही. घरी रोज तासभर सराव चाले. लय आधी ७० वर, मग दोन-दोनने वर. पेडलविषयी बोलणे म्हणजे ज्याचा हात गेला त्याला त्याच्या जागी आणलेला बदली कामगार दाखवणे, असे त्यांना वाटे. अखेरीस वहिनींनाच नातवाकडून कळले. जिन्यात त्यांना थांबवून त्या म्हणाल्या, “भावजी, मशीन आणलंय म्हणे. यांच्यासमोर नका हं काढू. तबला कपाटावर ठेवला त्या दिवशी हे जेवले नव्हते.” आप्पा बरे म्हणाले. पण खोलीत शिरताच तात्या म्हणाले, “तुझ्या बोटांना घट्टे पडलेत. काय वाजवतोस रोज?”

खोटे बोलणे त्यांना कधी जमले नव्हते. पुढच्या शनिवारी ते गिटार, पेडल आणि छोटा स्पीकर घेऊन गेले. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. आप्पांनी ड्रम लावला आणि एक संपूर्ण गाणे वाजवले. तात्या डोळे मिटून ऐकत होते. गाणे संपल्यावर काही क्षण कोणी बोलले नाही.

“अंतऱ्याला पळाला नाहीस,” तात्या म्हणाले.

“तुला ठाऊक होते?”

“पंचाहत्तर सालापासून.”

“मग सांगितले का नाहीस?”

“सांगितले असते तर तू गिटार ठेवून दिली असतीस. मला दुसरा गिटारवाला या गावात कुठे मिळणार होता?” तात्या हसले. झटक्यानंतर त्यांचे हसणे एका बाजूनेच उमटते. मग म्हणाले, “ड्रम स्वच्छ वाजतो, पण त्याला तू कोण ते माहीत नाही. बंद कर तो. नुसते मुद्रण होते का?”

होते, असे आप्पांनी सांगितले; पण तालाशिवाय वाजवले तर दाबण्याची वेळ आपली आपण साधावी लागते, यंत्र काही सावरून घेत नाही.

“ते इकडे सरकव.”

आप्पांनी पेडल तात्यांच्या खुर्चीपुढे, डाव्या पावलाखाली ठेवले आणि कोठे दाबायचे ते दाखवले. पहिला प्रयत्न फसला. पाऊल जड पडले आणि यंत्र दोनदा दाबले गेले. दुसऱ्या वेळी आप्पांनी दादऱ्यात चार आवर्तने वाजवली. तात्यांचा डावा हात मांडीवर हलकेच ‘धा’ देत होता. चौथे आवर्तन संपून सम आली, तेथे पाऊल खाली गेले. लूप फिरला. सांधा कोठे आहे हे आप्पांनी कान देऊन शोधले. तो सापडला नाही. पाच फेऱ्या झाल्या, दहा झाल्या, तरी फट पडली नाही. वहिनी आत गेल्या आणि चहा टाकल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून पेडल तात्यांच्याच घरी असते, अ‍ॅडाप्टर माडीवरच्या खोलीतील खुंटीला. आप्पा सरावाला तिथेच जातात, शनिवार सोडूनही. ड्रम लावायचा की नाही हे तात्या ठरवतात. अंतरा नवा असेल तर लावतात. ९९ जागांपैकी पहिली जागा त्या दादऱ्याने घेतली आहे. आप्पा आपला सराव दुसऱ्या क्रमांकापासून पुढे साठवतात.