औंध ते आटपाडी : उन्हातील एकट्याची वाट

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील माणदेशात भर वैशाखात सायकलने एकट्याने प्रवास करणे म्हणजे पाण्याचा काटेकोर हिशेब मांडणे होय. औंधचा मुक्काम आदल्या दिवशीचा ठेवावा. डोंगरावरील यमाईचे दर्शन घ्यावे, १९३८ साली उभारलेले श्रीभवानी संग्रहालय पाहावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघावे.

वडूजवरून मायणीपर्यंत ऊन सोसवते. पुढे सावली विरळ होत जाते, ओढे कोरडे असतात आणि सायकलला बांधलेल्या बाटल्या दुपारपूर्वीच रिकाम्या होतात. मग एखाद्या वस्तीवर अनोळखी दारी पाणी मागावेच लागते. टँकरची वाट पाहणाऱ्या घरातूनही भरलेला तांब्या बाहेर येतो. एकट्या प्रवाशाची सारी भिस्त या विश्वासावर असते.

औंध संस्थानाने हाच विश्वास राज्यकारभारातही आणला. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसली. तेथे तटबंदी नव्हती. कैदी कुटुंबासह राहून शेती करीत. १९५७ चा ‘दो आंखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला.

पावसाचा भरवसा नसलेल्या या मुलखाने माणसावरचा भरवसा मात्र सोडला नाही.