पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाण्यापूर्वीं

परदेशगमन म्हटलें कीं आपल्या घरांतून प्रथम चर्चा सुरू होते ती लोणच्याच्या बरण्यांची, मेतकुटाची आणि सामानाच्या वजनाची. ही तयारी त्याज्य नव्हे. परंतु जो रुग्णसेवेसाठीं परक्या मुलखांतील खेड्यांत जातो, त्याची खरी तयारी निराळीच असते, आणि तिला पेटी लागत नाहीं. माझी नात वैद्यकाची पदवी घेऊन व उमेदवारीचें वर्ष पुरें करून केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी परगण्यांत एका लहानशा दवाखान्यांत तीन महिने विनावेतन काम करण्यास जात आहे. तिच्या निमित्तानें त्या प्रदेशाविषयीं जें वाचलें आणि तिजबरोबर बसून घोकलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

मोंबासा व मालिंदी या दोन जुन्या बंदरांच्या मध्यें किलिफी आहे. चित्रें पाहिलीं तर ही भूमि कोंकणची धाकटी बहीणच वाटते: नारळ, आंबा, काजू, आणि घरांवर माडाच्या झांवळ्यांचीं छपरें. हिंवाळ्यांत ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्यास तेथील लोक 'कास्काझी' म्हणतात, व दक्षिणेकडून वाहणाऱ्यास 'कुसी'. हाच कुसी विषुववृत्त ओलांडून वळतो आणि आपल्याकडे मृगाचा पाऊस आणतो. या वाऱ्यांच्या भरंवशावर शिडाचीं गलबतें शतकानुशतकें ये-जा करीत. १४९८ सालीं वास्को द गामास कालिकतची वाट दाखविणारा वाटाड्या मिळाला तोहि मालिंदीसच. किनारा सोडून आंत गेलें म्हणजे मात्र कोंकण संपतें. कोरडी जमीन, मका, शेळ्या आणि गिर्यामा लोकांच्या विरळ वस्त्या. आमच्या मुलीस जावयाचें तें तेथें.

शरीराची तयारी थोडक्यांत सांगतों. पीतज्वराची लस प्रवासापूर्वीं निदान दहा दिवस टोंचून घ्यावी लागते, व ती सरकारनें नेमलेल्या केंद्रांतच मिळते. २०१६ पासून तिचा दाखला जन्मभर चालतो. तो जवळ नसेल तर परततांना आपलेंच सरकार सहा दिवसांपर्यंत अलग ठेवूं शकतें. तिकडचा हिंवताप बहुतांशीं प्राणघातक जातीचा आहे. त्यावरील प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरहि कांहीं दिवस वा आठवडे चालू ठेवाव्या लागतात, हें घरच्यांनींच लक्षांत ठेवावें. परतलेल्या माणसास त्याचा विसर पडतो.

भाषेचें प्रकरण मोठें रसाळ आहे. स्वाहिली ही मूळची बांटू कुळांतील. परंतु अरबी व हिंदी शब्द तिच्यांत पुष्कळ मिसळले आहेत. औषधास 'दावा', पुस्तकास 'किताबु', दुकानास 'दुका'. चपाती तर चपातीच. तेव्हां उपासमारीचें भय नको. मात्र ओळखीच्या नादावर विसंबूं नये. 'होमा' म्हणजे हवन नव्हे, ताप. आणि 'वापी' ही पायऱ्यांची विहीर नसून 'कोठें' हा प्रश्न आहे. 'उनाउम्वा वापी?' म्हणजे 'तुला कोठें दुखतें?' हें वाक्य आमच्या घरांतील पोरेंहि आतां म्हणूं लागलीं आहेत. वडील माणसास 'शिकामो' म्हणून वंदन करावयाचें. 'पाय धरतों' असा त्याचा मूळ अर्थ सांगतात. अशा समाजांत आपल्या घरची मुलगी फार परकी राहणार नाहीं. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले, तेहि तेथील भाषा शिकलेच होते.

पण सर्वांत नवल वाटलें तें कालगणनेचें. स्वाहिली दिवस सूर्योदयापासून मोजतात, आपल्या घटका-पळांप्रमाणें. सकाळच्या सातांस त्यांचा पहिला तास, आठांस दुसरा, दुपारच्या दोहोंस आठवा. घड्याळ आपल्यासारखेंच; परंतु कांटा आठावर असतां ते समोरचा आंकडा, म्हणजे दोन, उच्चारतात. यांत विनोद वाटेल, पण हिंवतापावर तेथें जें मुख्य औषध देतात, त्याच्या सहा मात्रा तीन दिवसांत घ्यावयाच्या असतात, आणि दुसरी मात्रा पहिलीनंतर बरोबर आठ तासांनीं. नव्या डॉक्टरनें आपल्या हिशेबानें 'आठ' सांगितले आणि आईनें आपल्या हिशेबानें ऐकले, तर तापलेल्या मुलाची मात्रा सहा तास चुकली! तांबड्या-पिवळ्या पुस्तकांतून हें कळत नाहीं. तेथील परिचारिकेस विचारावें लागतें.

या परिचारिकेविषयीं आणखी सांगितलें पाहिजे. तेथील खेड्यांतले लहान दवाखाने बहुधा परिचारिका किंवा 'क्लिनिकल ऑफिसर' चालवितात. हे ऑफिसर पदवीधर डॉक्टर नसून तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले असतात. पदवीचा ताठा मिरविणारा पाहुणा त्यांच्या कामांत भरच टाकील. तेथील वैद्यक परिषदेची तात्पुरती अनुज्ञा घेतल्यावांचून रोग्यास हात लावतां येत नाहीं, हें योग्यच आहे. अनुज्ञा मिळाली तरी जें शस्त्रकर्म येथें वरिष्ठ उभा असल्याखेरीज करूं देत नाहींत, तें तेथें करून पाहण्याची मोकळीक आहे असें समजणें हें मी पातक मानतों. गरिबाचें शरीर शिकाऊ हाताची पाटी नव्हे.

आमच्या आप्तांनीं मोठ्या प्रेमानें घरोघरच्या उरलेल्या औषधांची एक पेटी भरून आणली होती. ती तशीच परत गेली. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९६ सालींच याविषयीं नियम घातले आहेत: दान दिलेलें औषध मागितलेलें असावें, पोंचल्यावर त्याची मुदत सामान्यतः निदान एक वर्ष उरलेली असावी, आणि रोग्यांनीं परत केलेलें तर मुळींच नसावें. एक वहिनी थोड्या रागावल्या. त्या रिकाम्या जागेंत मुलीनें मच्छरदाणी, विजेरी आणि स्वाहिलीचा कोश भरला.

तिच्या आईचा प्रश्न एकच आहे: तीच आजारी पडली तर पाहील कोण? मी सांगितलें, तीच परिचारिका. आणि जवळचें मोठें रुग्णालय कोठें आहे, रात्रीं तेथें गाडी कशी मिळते, हें तिनें पत्रानें आधींच विचारून ठेविलें आहे. आईचें समाधान झालें असें म्हणवत नाहीं.

एप्रिल-मेचा पाऊस ओसरल्यावर, रस्ते वाळले म्हणजे, जुलैंत ती निघेल. तोंवर रोज सायंकाळीं ओसरीवर तिची परीक्षा होते. चार वाजले कीं मी घड्याळाकडे बोट दाखवितों. तिनें 'कुमी', म्हणजे दहा, म्हणावयाचें. अजून पुष्कळदां 'न्ने', म्हणजे चारच, म्हणते.