परक्या मुलखातली भाड्याची मोटार

रोमहून असीसीला आगगाडीने सुखाने जाता येते. तरीही गेल्या वर्षी इटलीत गेलो असता मी आणि माझे एक गुरुबंधू यांनी भाड्याची मोटार घेतली. मनात येईल तेथे थांबावे, एवढाच मोह. माझा नेहमीचा वाहनपरवाना आणि येथील परिवहन कार्यालयातून काढलेला, एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना, असे दोन्ही माझ्याजवळ होते. तयारी पुरी झाली, असे मी समजलो.

विमानतळावरील कचेरीतल्या बाईंनी विचारले, "दुसरे कोणी चालविणार आहे काय? त्यांचेही नाव नोंदावे लागेल. त्याचा आकार निराळा." चार पैसे वाचतील म्हणून मी "नाही" म्हणालो आणि करारपत्र न वाचताच सही केली. माझ्या क्रेडिट कार्डावर अनामत अडकली आणि किल्ली हाती आली.

ऑर्ते येथे मोठा महामार्ग सोडून आम्ही तेर्नीकडे वळलो. पुढे डोंगर जवळ येत गेले. स्पोलेतोला दरीवरचा तो प्रचंड जुना दगडी पूल आम्ही डोळे भरून पाहिला. उतारांवर ऑलिव्हची रुपेरी झाडे वाऱ्याने हलत होती. दुपारच्या जेवणानंतर मला पेंग येऊ लागली, तेव्हा गुरुबंधूंनी सुकाणू हाती घेतले. फोलिन्यो मागे पडले आणि सुबासिओ पर्वताच्या कुशीत असीसीची गुलाबी दगडांची घरे दिसू लागली.

इटलीत वाहने उजव्या बाजूने चालतात व चालक डावीकडे बसतो. जन्मभर उजवीकडे बसलेल्या माणसाला पलीकडच्या बाजूचा अंदाज येत नाही. एका अरुंद गल्लीत मोटारीची उजवी बाजू भिंतीला घासली. खाली उतरून पाहतो तो दार चेपलेले!

"अरे, तूच चालवीत होतास असे सांग," गुरुबंधू हळूच म्हणाले. "कोणी पाहिले आहे?"

मी गप्प राहिलो. माझे मौन ही संमतीच होती. ज्या नगरात संत फ्रान्सिसने अंगावरची वस्त्रेदेखील बापाला परत केली, त्याच नगरात दोन धर्मगुरू एका दारासाठी खोटे रचीत होते! रात्री झोप लागली नाही. सकाळी मी गुरुबंधूंना म्हणालो, "हे माझ्याच्याने होणार नाही." त्यांनीही मान हलविली.

मोटार परत करताना मी सारे खरे सांगितले. तेव्हा कळले की, करारात नुकसानीची जी सवलत होती तिलाही मर्यादा होती. ठरावीक रकमेपर्यंतचे नुकसान भाडेकऱ्यानेच सोसायचे असते. आमच्या दाराचा खर्च त्या रकमेच्या आतलाच होता. म्हणजे खोटे बोललो असतो तरी तो आमच्याच माथी होता! खऱ्यापायी करारभंगाचा आकार तेवढा वाढला. न वाचलेल्या कागदाच्या भयाने आम्ही केवढे पाप पदरी घेणार होतो!

परंतु भिंतीऐवजी तेथे एखादे मूल असते तर? तिऱ्हाईताचा विमा इटलीत सक्तीचा आहे. जखमीला भरपाई मिळते. पण नोंद नसलेला माणूस चालवीत असेल तर ती रक्कम आपल्याकडून वसूल होण्याचा प्रसंग येऊ शकतो. वाचविलेले चार पैसे मग कोठे पुरणार?

म्हणून परदेशी जाणाऱ्या वाचकांना एवढेच सांगतो: जो जो चालविणार त्याचे नाव नोंदवावे. आपल्या वाट्याचे नुकसान किती, हे आधी विचारावे; काच, चाके व गाडीचा तळ बहुधा त्या सवलतीत येत नाहीत. मोटार ताब्यात घेताना चहूबाजूंनी तिची छायाचित्रे काढावीत. इटलीच्या जुन्या शहरांत लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि 'झोना त्राफ्फिको लिमितातो' ही अक्षरे दिसली की परवानगीवाचून आत शिरू नये. तेथे कॅमेरे असतात, आणि दंडाचा कागद कित्येक महिन्यांनी घरी येऊन पोहोचतो.

आणि सही करण्यापूर्वी कागद वाचावा. मी तेवढे केले असते, तर असीसीतली ती रात्र शांत झोपेची गेली असती.