हजेरीपट, पाळण्यातलं नाव आणि यंत्रांचे पत्ते



वर्गात दोन सुनीता आल्या की माझी पंचाईत व्हायची. एकीचे गुण दुसरीच्या नावावर चढायचे! म्हणून हजेरी क्रमांक. हे आठवायचं कारण माझा नातू. तो इथेच खराडीच्या आयटी पार्कात टेस्टिंगचं काम करतो. "आजी, आज दोनशे यंत्रांची बारशी केली," म्हणाला.

यंत्रं खरी नव्हेत. एकाच मोठ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरने उभी केलेली, म्हणजे व्हर्च्युअल मशीन. पण नेटवर्कवर बोलायचं तर प्रत्येकाला मॅक अ‍ॅड्रेस हवाच. तो ४८ बिटांचा, लिहायला १२ खुणांचा. ० ते ९ अंक आणि ए ते एफ अक्षरं. एरवी पहिल्या सहा खुणा म्हणजे उत्पादकाचं आडनाव, ते आय-ट्रिपल-ई ही संस्था देते. उरलेल्या सहा उत्पादक ठरवतो.

या ४८ बिटांमागे आपल्या पवईचा एक विद्यार्थी आहे बरं का! योगेन दलाल, आयआयटी मुंबईचे १९७२चे पदवीधर. झेरॉक्समध्ये असताना त्यांनी रॉबर्ट प्रिंटिस यांच्यासह १९८१ साली यावर निबंध लिहिला.

पण ज्याला कारखानाच नाही, त्याला आडनाव कुठलं? त्यासाठी सोय आहे. दुसरी खूण २, ६, ए किंवा ई असली की समजायचं, हा पत्ता घरीच ठेवलेला आहे. आपल्याकडे कागदावरचं नाव वेगळं आणि घरातलं बंड्या, बेबी वेगळं, तसंच! बाकीच्या खुणा संगणक चिठ्ठ्या टाकून काढतो.

चिठ्ठ्यांत दोघांना एकच पत्ता आला तर? कुठला पत्ता कुठल्या तारेवर आहे, हे स्विच लक्षात ठेवतो. पत्ता एकच असेल तर निरोप कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. मग प्रोग्रॅममध्ये नसलेली चूक शोधण्यात पोरांचा दिवस जातो.

नातवाकडे सुरुवातीचा अर्धा भाग ५२:५४:०० असा ठरलेलाच असतो. उरतात १,६७,७७,२१६ पत्ते. पुष्कळ वाटतात ना? पण २३ मुलांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. त्याच हिशेबाने सुमारे ४,८०० यंत्रं झाली की कुठेतरी जोडी जुळण्याची शक्यता निम्मी! म्हणून चिठ्ठी काढली तरी हजेरीपट तपासायचाच. (गणिताच्या बाई खूश!)

आता हे आपल्या खिशातही आलंय. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन वायफायवर खरा पत्ता लपवून असाच घरगुती पत्ता सांगतात. कारण पत्ता कायमचा असला, तर दुकानादुकानांतून फिरणारा फोन ओळखता येतो, म्हणजे आपणही.

पण आमच्या शेजारच्या आजोबांना त्याचा फटका बसला. क्लबहाऊसच्या वायफायच्या यादीत त्यांच्या नव्या फोनचा खरा पत्ता लिहिलेला, फोन सांगतोय दुसराच. चार संध्याकाळी अमेरिकेतल्या लेकीशी बोलणं नाही. आजोबा जेवेनात. शेवटी नातवाने तेवढ्या एका वायफायपुरता खरा पत्ता सुरू करून दिला.

मला वाटतं, माणसाला दोन्ही हवं असतं. रस्त्यावर कुणी ओळखू नये, आणि आपल्या माणसांनी मात्र हाक मारताच दार उघडावं. यंत्रांना हे आपणच शिकवायचं आहे.

तुमच्या घरी आजी-आजोबांचं वायफाय असं अचानक बंद पडलंय का? एकदा फोनची सेटिंग बघा, आणि मला कळवा.