वँडलकाठची छींट

दक्षिण लंडनमध्ये क्रॉयडन आणि कार्शल्टन येथे खडूच्या खडकांतून झरे फुटतात आणि वँडल नदी जन्म घेते. जेमतेम चौदा किलोमीटर वाहून वँड्सवर्थला ती थेम्सला मिळते. आपल्याकडे तिला कोणी ओढाच म्हणेल. परंतु उतार चांगला आणि पाणी बारमाही. त्यामुळे तिच्या काठी पाणचक्क्यांची रांगच उभी राहिली. तपकीर, तेल, कातडे, बंदुकीची दारू : ही यादी वाचताना श्रावकाला कर्मादाने आठवावीत!

आम्हा कापडवाल्यांना मात्र तेथील छपाईचे अप्रूप. ‘शिंट्झ’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘छींट’वरूनच गेला. हिंदुस्थानच्या छापील कापडाने तिकडचे लोकर-रेशमाचे विणकर इतके हवालदिल झाले, की पार्लमेंटने १७०० साली त्याची आयात रोखली आणि १७२१ साली छापील सुती कापड वापरण्यावरही बंदी घातली. १७७४ साली बंदी उठली, तोवर वँडलकाठचे कारागीर ही विद्या आत्मसात करून बसले होते. कुरणांत चर खणून नदीचे पाणी खेळवायचे आणि मधल्या पट्ट्यांवर कापड उन्हात पांढरे करायचे, ही त्यांची रीत.

१८८१ साली विल्यम मॉरिस यांनी मर्टन ॲबे येथे कारखाना थाटला. निळीच्या पिंपात बुडवलेले कापड ते वँडलमध्येच धूत. एका छापाला त्यांनी नदीचेच नाव दिले. निसर्गावर एवढे प्रेम करणाऱ्या माणसाची ही धुलाई मला खटकली. अप्काय जीवांचा विचार त्यांना कोठून सुचणार? पण आमच्या दुकानात तीन पिढ्या कापड विकले गेले. ते कोणत्या पाण्यात धुतले, हे आम्ही तरी कधी विचारले होते?

पंधरा कर्मादानांत सरोवर-तलाव आटवणे आहे. वँडल आटली नाही, नासली. १९६० च्या दशकात सरकारदरबारी तिची गणना गटारात झाली. पुढे स्थानिक स्वयंसेवक पात्रात उतरले, चिखलातून टायर आणि दुकानांतल्या ढकलगाड्या बाहेर काढू लागले. २००७ साली सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून रसायन सुटले आणि हजारो मासे मेले. लोक पुन्हा पाण्यात उतरले.

मर्टनचे जुने पाणचाक अजून फिरते. मी कठड्याला टेकून उभा राहिलो, तेव्हा खाली पाण्याचा तळ स्वच्छ दिसत होता आणि प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून एक मासा स्थिर उभा होता.