झोई, तुझ्या दालनातल्या शेगड्या

झोई, तुझ्या दालनात उन्हाळ्यातही शेगड्या पेटलेल्या असत. बाहेर बॉस्फरसवरचा वारा अंगणातल्या सावल्यांशी खेळायचा, आणि आत तुझ्या दासी घामाघूम होऊन मसाले कुटायच्या, गाळायच्या, उकळायच्या, कुप्या भरायच्या. सूत काढणं, विणणं ही राजघराण्यातल्या बायकांनाही शोभणारी कामं. त्यांत तुझं मन कधी रमलं नाही. तुला सुगंध हवे होते. हे सगळं मायकेल प्सेलोसने लिहून ठेवलं. तो तुझ्याच दरबारातला विद्वान, लेखणी धारदार. त्याच्या हसण्यात तुच्छता आहे, पण त्या तुच्छतेनेच तुला आमच्यापर्यंत आणून सोडलं. तुझ्या बाजूने लिहिणारं कोणी नव्हतं.

जांभळ्या भिंतींच्या महालात जन्मलेली मुलगी तू. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सिंहासनावर बसलेल्या सम्राटाचं मूल त्या महालात जन्मलं की जन्मभर त्याच्या नावामागे ती जांभळी सावली चाले. पण बायझँटिन सम्राज्ञी व्हायला तुला पन्नाशी उलटेपर्यंत थांबावं लागलं. त्याआधी एकदा तुला पश्चिमेच्या सम्राटाकडे, तिसऱ्या ओट्टोकडे, धाडलं असावं. 1002 मध्ये इटलीच्या बारी बंदरात उतरलेली ती वधू बहुधा तूच. नियोजित वर आधीच वारला होता. जहाज परत फिरलं, आणि पुढची पंचवीसेक वर्षं तू राजवाड्यातच. काका दुसरा बेसिल लढाया जिंकत राहिला, लग्न त्याने स्वतः केलं नाही आणि पुतण्यांचीही लावून दिली नाहीत. का, कोण जाणे. एवढ्या शहाण्या राजाला घराण्याची वेल सुकते आहे हे दिसलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

1028 मध्ये बाप मरायला टेकला तेव्हा घाईघाईने नवरा शोधला गेला. रोमानोस आर्गिरोस, साठीचा. त्याला बायको होती. तिला मठात पाठवलं. तो तुझ्या हातामुळे सम्राट झाला आणि मग तुमचा दोघांचा मूल होण्यासाठीचा खटाटोप सुरू झाला: अंगाला खडे बांधणं, साखळ्या घालणं, ताईत, लेप. पन्नाशीची बाई. प्सेलोस हे सांगताना ओठ मुडपतो. मला तिथे हसू येत नाही.

रोमानोस कंटाळला, तुझ्या हातातला पैसाही आवळला. 1034 मध्ये तो न्हाणीघरात मेला; पाण्यात दाबून धरलं, असं लोक म्हणाले. त्यात तुझा हात असावा. शोकगीत लिहिताना हेही लिहिलं पाहिजे, झोई. लगेच तू देखण्या, तरुण मायकेलशी लग्न केलंस. त्याने तुला बायकांच्या महालात कोंडलं, दाराशी पहारे बसवले. राज्य चालवलं त्याच्या खोजा भावाने. तरी 1041 मध्ये मायकेल मठात अखेरच्या घटका मोजत असताना तू त्याला भेटायला पायी गेलीस. त्याने भेट नाकारली.

मग आला त्याचा भाचा, पाचवा मायकेल. त्याचा बाप जहाजाच्या फटी बुजवायचा. तुझा दत्तक मुलगा म्हणून तो गादीवर चढला आणि 1042 च्या एप्रिलमध्ये त्याने तुझे केस कापून तुला मार्मारा समुद्रातल्या प्रिंकिपो बेटावर नेऊन टाकलं.

आणि शहर उठलं.

दुकानं बंद झाली, हाती येईल ते घेऊन माणसं रस्त्यावर आली. जन्मात माजघराचा उंबरा न ओलांडलेल्या बायका छाती पिटत, ओरडत धावल्या. आमची आई कुठे आहे, विचारत. प्सेलोसने हे डोळ्यांनी पाहिलं, आणि इथे मात्र त्याचं हसू पार मावळलं. घाबरलेल्या मायकेलने तुला परत आणून हिप्पोड्रोमच्या सज्जात उभं केलं, तरी जमाव शमेना. लोकांनी पेट्रिऑनच्या मठातून तुझ्या बहिणीला, थिओडोराला, ओढून आणलं, राजवस्त्रं नेसवली, हागिया सोफियात तिचा जयजयकार केला. मायकेलचे डोळे काढले गेले.

थिओडोराला त्या मठात कोणी घातलं होतं? तूच. तुझ्या देखत तिचे केस कापले गेले होते. आता दोघी शेजारी बसलात. तिचं आसन किंचित मागे. तू उधळी, ती नाणी मोजून ठेवणारी. दोघींची छबी असलेलं सोन्याचं नाणं निघालं. जेमतेम दोन महिने चाललं ते दोघींचं राज्य. जूनमध्ये तू तिसऱ्यांदा बोहल्यावर चढलीस, आणि तुझ्या या नव्या नवऱ्याने, नवव्या कॉन्स्टँटिनने, आपली प्रेयसी स्क्लेरैनाही राजवाड्यात आणली. तू हरकत घेतली नाहीस. मत्सराचं वय सरलं होतं, की थकली होतीस?

हागिया सोफियाच्या दक्षिण सज्जातल्या मोझेकमध्ये ख्रिस्ताच्या एका बाजूला तू आहेस, हातात गुंडाळी. दुसऱ्या बाजूला पैशांची थैली घेतलेला कॉन्स्टँटिन. नीट पाहिलं तर चेहरे पुन्हा बसवलेले कळतात, आणि नवऱ्याचं नाव पुसून नवं घातलेलं. धड तेच ठेवलं, मुंडकं बदललं. बायझँटिन राजकारणावरची इतकी नेमकी टीका मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही. तुझाही चेहरा नव्याने बसवला, पण नाव तुझंच राहिलं. 1050 मध्ये तू गेलीस, सत्तरीपलीकडे, पाठीत वाकलेली. प्सेलोस म्हणतो, चेहऱ्यावर सुरकुती नव्हती. तुझ्या कुप्यांतलं काहीच उरलं नाही.

थिओडोरा मागे राहिली. 1028 मध्ये रोमानोसचं स्थळ आधी तिलाच आलं होतं आणि तिने नाही म्हटलं होतं. 1055 मध्ये कॉन्स्टँटिन मेला तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली. सगळ्यांना वाटलं, कुणाला तरी हात देईल आणि गादीवर पुरुष बसवेल. धर्मगुरू कुरकुरले. तिने पुन्हा नाही म्हटलं आणि 1056 च्या ऑगस्टमध्ये मरेपर्यंत एकटीने राज्य केलं. तुझ्यामुळे चार पुरुष सम्राट झाले, झोई. तिच्या हयातीत तिच्यामुळे एकही नाही.